रोजकीर्द, खतावणी आणि जर्नल व्हॉल्यूम: दूरच्या कॉपीवर भरवसा कसा ठेवायचा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा आकडे पुन्हा एकदा शांतपणे बघायचेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. कंसात वेळा दिल्यात, हवं तिथून ऐकता येईल.

(००:००) मुद्दा काय आहे?

हिंगोलीच्या मोंढ्यात किंवा वसमतला हळद विकली, पट्टी हातात आली आणि नंतर मोबाईलवर मेसेज वाजला: खात्यात पैसे जमा. आता हे ‘जमा’ नेमकं कुठं लिहिलं गेलं? ते लिहिलं गेलं दूरच्या कुठल्यातरी शहरात, एका डेटा सेंटरमधल्या स्टोरेजवर. त्या इमारतीत उद्या पाणी शिरलं, आग लागली, जमीन हादरली, तर तुमची वर्षाची कमाई कुठल्या कागदावरून शोधायची?

उत्तर सगळ्यांना माहीत असतं: “दुसऱ्या ठिकाणी कॉपी असते की!” बरोबर, असते. पण ती कॉपी किती वेळ मागं आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यातला हिशोब जुळतो का, हा खरा प्रश्न. आजचा विषय तोच. मोठ्या स्टोरेज यंत्रणा हे काम ‘जर्नल व्हॉल्यूम’ वापरून करतात. नाव जड आहे, पण ही युक्ती आपल्या आडत दुकानातल्या मुनिमाला कधीची माहीत आहे.

(०१:५०) मुनिमाची दोन पुस्तकं

जुन्या पद्धतीच्या दुकानात दोन मुख्य वह्या असतात. एक रोजकीर्द. दिवसभरात जे घडेल ते घडलं त्याच क्रमानं तिच्यात उतरवायचं. दुसरी खतावणी. तिच्यात प्रत्येकाचं वेगळं खातं. रोजकीर्दीतली नोंद नंतर त्या त्या खात्यावर चढवायची. इंग्रजी हिशोबात रोजकीर्दीला जर्नल म्हणतात. म्हणजे आपला आजचा शब्द सरळ हिशोबाच्या वहीतून आलाय.

आता समजा, या दुकानाच्या मालकाला वाटलं की खतावणीची एक प्रत नांदेडच्या दुकानात असावी. त्याच्यापुढं दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: प्रत्येक नोंदीला नांदेडला फोन लावायचा. “लिहिलं का?” “लिहिलं.” मग समोरच्या शेतकऱ्याला पट्टी द्यायची. दोन्ही वह्या कायम सारख्या. पण फोन लागला नाही तर इथली रांग थांबली. तंत्रज्ञानात याला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात.

दुसरा रस्ता: रोजकीर्द लिहितानाच खाली कार्बन पेपर ठेवायचा. प्रत्येक पानावर क्रमांक टाकायचा. शेतकऱ्याला पट्टी लगेच द्यायची, आणि कार्बनची पानं एका पेटीत टाकायची. एसटी येईल तशी पानं नांदेडला जातील. तिथला मुनीम क्रमांक बघून, क्रमानंच, आपल्या खतावणीवर नोंदी चढवेल. ही झाली असिंक्रोनस पद्धत, आणि ती पेटी म्हणजे जर्नल व्हॉल्यूम.

(०३:४०) फोनवालीच पद्धत सगळीकडं का नाही वापरत?

कारण अंतर. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ऐकायला प्रचंड वाटतं. पण हिंगोली ते मुंबई सरळ रेषेत धरलं तरी साधारण ४५० किलोमीटर. निरोप जाऊन उत्तर परत यायला किमान साडेचार मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये यंत्रं असतात, म्हणजे त्याहून जास्तच.

साडेचार मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. पण एका मागोमाग एक लिहिणाऱ्या प्रोग्रामनं प्रत्येक नोंदीला तेवढं थांबायचं ठरवलं, तर सेकंदाला जेमतेम सव्वादोनशे नोंदी होतील. आजच्या फ्लॅश स्टोरेजवर एक नोंद एका मिलिसेकंदाच्या आत होते. म्हणजे महागडं यंत्र घ्यायचं आणि त्याला बैलगाडीमागं चालवायचं.

मग कॉपी जवळच ठेवली तर? तिथं आपल्या जिल्ह्याचाच अनुभव बघा. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत ३.६ चा दुसरा. तो धक्का नांदेडला आणि परभणीलाही जाणवला. पुन्हा १० जुलैला ४.५. सुदैवानं मोठं नुकसान झालं नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाड्यातलं कुठलं घर विसरलंय? मुंबईचं उदाहरण हवं असेल तर २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. ज्या संकटात मूळ वही जाईल, त्याच संकटात शेजारची प्रतही जाऊ शकते. म्हणून प्रत लांब हवी. आणि लांब म्हटलं की फोनवाली पद्धत परवडत नाही. इथं पेटी कामाला येते.

(०५:५५) पेटीच्या आत काय चालतं?

आता खऱ्या यंत्रणेत हे कसं घडतं ते टप्प्याटप्प्यानं बघू. मी इथं हिताची युनिव्हर्सल रेप्लिकेटर डोळ्यासमोर ठेवतोय. हे तंत्र २००४ च्या सुमारास बाजारात आलं आणि ‘जर्नल व्हॉल्यूम’ हा शब्द त्यात अगदी मध्यवर्ती आहे. इतर कंपन्यांच्या यंत्रणांत नावं आणि तपशील बदलतात.

चार वस्तू लक्षात ठेवा. आपल्या बाजूला मूळ व्हॉल्यूम, म्हणजे खरी खतावणी, आणि मास्टर जर्नल, म्हणजे जाणाऱ्या पानांची पेटी. पलीकडं रिस्टोअर जर्नल, म्हणजे आलेल्या पानांची पेटी, आणि दुय्यम व्हॉल्यूम, म्हणजे तिकडची खतावणी.

सुरुवातीला एकदा पूर्ण खतावणीची नक्कल होते. तिथून पुढं असं चालतं:

१. सर्व्हरनं काही लिहिलं की मूळ स्टोरेज ते घेतं, त्याची एक प्रत मास्टर जर्नलमध्ये टाकतं, तिला अनुक्रमांक देतं, आणि सर्व्हरला लगेच सांगतं: झालं. सर्व्हर मोकळा.

२. पलीकडचं स्टोरेज स्वतः विचारतं: पुढची पानं द्या. म्हणजे इकडचं यंत्र ढकलत बसत नाही, तिकडचं ओढून घेतं. त्यामुळं मूळ यंत्रावरचा भार कमी राहतो.

३. पानं रिस्टोअर जर्नलमध्ये उतरतात. रस्त्यात मागंपुढं झाली असतील तर इथं क्रमांकानं लावली जातात. ४१ नंतर ४३ आलं, तर ४२ येईपर्यंत ४३ ला हात लागत नाही.

४. क्रम पूर्ण असेल तेवढ्याच नोंदी दुय्यम व्हॉल्यूमवर चढतात.

५. इथपर्यंत चढवलं, असा निरोप परत येतो, आणि मास्टर जर्नलमधली ती पानं काढून जागा मोकळी होते.

या पेट्या डिस्कवर असतात, हे महत्त्वाचं. आधीच्या बऱ्याच पद्धतींत न गेलेला डेटा कॅशमध्ये, म्हणजे यंत्राच्या जलद मेमरीत साठायचा. कॅश महाग आणि लहान. लाईन थोडा वेळ गेली की ती भरायची आणि कॉपी बंद पडायची. डिस्कवर पेटी ठेवली की तासन्‌तास लाईन नसली तरी पानं साठत राहतात.

याची छोटी आवृत्ती तुमच्या हातात आहे. नेटवर्क नसताना व्हॉट्सअ‍ॅपवर चार मेसेज टाका. घड्याळाचं चिन्ह दिसतं. तुम्ही टाईप करायचं थांबत नाही, मेसेज साठून राहतात, रेंज आली की निघतात.

(०८:३०) क्रमाचा एवढा बाऊ कशाला?

कारण पैशाची प्रत्येक गोष्ट किमान दोन नोंदींची असते. समजा १,३०,००० रुपयांची हळद विकली. पहिली नोंद: व्यापाऱ्याच्या खात्यातून १,३०,००० वजा. दुसरी: शेतकऱ्याच्या खात्यात १,३०,००० जमा. दुसरी नोंद पलीकडं पोचली आणि पहिली राहिली, तर हवेतून पैसे तयार झाले. पहिली पोचली आणि दुसरी राहिली, तर पैसे गायब.

आता त्याच क्षणी मूळ डेटा सेंटर बंद पडलं असं धरा. क्रम पाळला असेल, तर पलीकडची कॉपी सांगेल: आमच्याकडं ११ वाजून २० मिनिटांपर्यंतचा हिशोब आहे, आणि तो पैशापैशानं जुळतो. पुढचं शोधा. क्रम पाळला नसेल, तर कॉपीत ११ वाजून २५ मिनिटांची एखादी नोंद असेलही, पण ११ ची एखादी नसेल. तिच्यावर डेटाबेस उभाच राहणार नाही, किंवा उभा राहून खोटा हिशोब दाखवेल. दुसरं जास्त वाईट.

म्हणून हे डोक्यात पक्कं ठेवा: थोडी जुनी पण जुळणारी कॉपी चालते, ताजी पण न जुळणारी कॉपी चालत नाही.

इथं एक बारकी गोष्ट आहे. मोठ्या डेटाबेसची माहिती एका व्हॉल्यूमवर नसते. खाती एका व्हॉल्यूमवर, डेटाबेसचा स्वतःचा लॉग दुसऱ्यावर, आणखी काही तिसऱ्यावर. तिघांना तीन वेगळ्या पेट्या दिल्या तर प्रत्येकाचा आतला क्रम बरोबर राहील, पण एकमेकांशी जुळणार नाही. त्यामुळं एका कामाचे सगळे व्हॉल्यूम एकाच जर्नल गटात ठेवतात, म्हणजे सगळ्यांचे अनुक्रमांक एकाच मालिकेतून येतात. दुकानात खतावण्या कितीही असोत, रोजकीर्द एकच, तसंच हे.

(१०:४०) पेटी केवढी हवी?

हिशोब सोपा आहे. कागद घ्या.

समजा सर्व्हर सेकंदाला २० मेगाबाइट लिहितोय. लाईन सेकंदाला ५० मेगाबाइट नेऊ शकते. सगळं सुरळीत असताना पेटी जवळजवळ रिकामी. आता लाईन २ तास गेली. २० गुणिले ७,२०० सेकंद, म्हणजे १,४४,००० मेगाबाइट, साधारण १४४ गिगाबाइट साठले. पेटी तेवढी तरी हवी, वर थोडी मोकळी जागा हवी.

लाईन परत आली. आता ती ५० नेते, पण नवीन २० येतच आहेत. म्हणजे साठलेलं कमी होतं सेकंदाला फक्त ३० नं. १,४४,००० भागिले ३०, म्हणजे ४,८०० सेकंद, ८० मिनिटं. लाईन दोन तास गेली, पण कॉपी जागेवर यायला आणखी एक तास वीस मिनिटं. तोवर पलीकडचा हिशोब मागंच आहे.

आणि लाईन सुरू असतानासुद्धा पेटी भरू शकते. महिनाअखेरीला दोन तास सर्व्हर सेकंदाला ६० लिहीत राहिला तर दर सेकंदाला १० मागं पडतात, एकूण ७२ गिगाबाइट. हा खड्डा रात्री लोड कमी झाल्यावर भरून निघतो. पण सरासरी लिखाणच लाईनपेक्षा जास्त असेल, तर पेटी कितीही मोठी घ्या, ती भरणारच. टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी वाढत नाही!

(१२:२०) पेटी भरली की?

दोन मार्ग. एक, सर्व्हरच्या लिखाणाला थोडं थोपवायचं, म्हणजे दुकान हळू चालेल. दोन, कॉपी थांबवायची आणि दुकान चालू ठेवायचं. बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग निवडतात.

कॉपी थांबली की यंत्रणा पानं लिहिणं सोडते आणि फक्त खुणा करते: खतावणीच्या या या पानावर बदल झालाय. याला बिटमॅप म्हणतात. लाईन आली की पूर्ण खतावणी पुन्हा पाठवायची गरज नाही, खूण केलेली पानं तेवढी पाठवायची. वेळ खूप वाचतो.

पण इथंच सगळ्यात धोक्याचा काळ सुरू होतो, आणि नवशिक्यांना तो दिसत नाही. खुणांवरून पाठवताना नोंदींचा क्रम उरलेला नसतो. कुठलं पान आधी बदललं, कुठलं नंतर, हे खूण सांगत नाही. त्यामुळं ही जुळवणी चालू असताना पलीकडची कॉपी अर्धी जुनी, अर्धी नवी असते. नेमक्या त्या तासात मूळ सेंटर गेलं, तर हातात न जुळणारा हिशोब उरतो.

उपाय? जुळवणी सुरू करण्याआधी पलीकडच्या कॉपीचा तिथल्या तिथं एक स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा. जुना असेल, पण जुळणारा असेल. जुळवणी पूर्ण झाली की मग तो काढून टाकायचा. जाणते अ‍ॅडमिन हे पाऊल कधी चुकवत नाहीत.

(१४:१०) मुंबईत प्रत्यक्ष घडलेलं

हे सगळं कागदावरचं वाटत असेल, तर २४ फेब्रुवारी २०२१ आठवा. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे एनएसईचं कामकाज सकाळी ११:४० च्या सुमारास थांबलं. बाजार पुन्हा उघडला दुपारी ३:४५ ला, आणि त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालवावा लागला.

नंतर एनएसईनं कारण सांगितलं. त्यांचं मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि जवळची कॉपी कुर्ल्यात. दोन्हींमध्ये दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाईन होत्या. रस्त्यावरच्या खोदकाम-बांधकामामुळं दोन्हींवर परिणाम झाला. खरं तर अशा वेळी मुख्य स्टोरेजनं कॉपीचा नाद सोडून एकट्यानं काम चालू ठेवायला हवं होतं. पण पुरवठादारानं बसवलेलं फेलओव्हरचं लॉजिक ठरलेल्या रचनेप्रमाणं नव्हतं, आणि मुख्य स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासं झालं. जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली, म्हणून बाजारही थांबवावा लागला.

यातून काय घ्यायचं? एक, लाईन दोन कंपन्यांच्या असल्या तरी दोन्हींना एकच खड्डा पुरतो. दोन, कॉपीची व्यवस्था आजारी पडली तर तो आजार मूळ यंत्राला लागता कामा नये. लाईन तुटली की मुख्य यंत्र काय करेल, हे कागदावर लिहिलेलं पुरत नाही. लाईन खरोखर काढून बघावी लागते.

त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीनं शेअर बाजारांसारख्या संस्थांना वेळा आखून दिल्या. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची, जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत दूरच्या केंद्रावरून काम सुरू करायचं, आणि डेटा जास्तीत जास्त १५ मिनिटं मागं असावा. या शेवटच्या दोन आकड्यांना आरटीओ आणि आरपीओ म्हणतात. दुकानाच्या भाषेत, आरटीओ म्हणजे दुसऱ्या गावात दुकान उघडायला लागणारा वेळ, आणि आरपीओ म्हणजे पेटीत आणि एसटीत अडकलेली जास्तीत जास्त किती पानं गेली तर चालतील ते. बऱ्याच मोठ्या संस्था दोन्ही पद्धती एकत्र वापरतात: जवळ एक सिंक्रोनस कॉपी, आणि लांब एक असिंक्रोनस.

(१६:४५) आणि आपल्या औंढ्याचं काय?

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, हे तुम्हाला माहीतच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची २,६०० कोटी रुपयांची मंजुरी. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि गुरुत्वीय लहरींची नोंद. उद्या आपला जिल्हा जगाला डेटा पाठवणार आहे. मग तिथंही जर्नल व्हॉल्यूम लागेल का?

गंमत इथंच आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांचा डेटा छोट्या छोट्या फाइलींत साठवतात, आणि कुठल्या सेकंदापासून किती सेकंदांची नोंद आहे हे फाइलीच्या नावातच असतं. एकदा लिहिलेली नोंद पुन्हा खोडून बदलायची नसते. एखादी फाइल उशिरा पोचली तर तेवढी खिडकी रिकामी दिसते, बाकीचा डेटा खोटा ठरत नाही. बँकेच्या खात्याचं तसं नाही. तिथं तीच जागा पुन्हा पुन्हा बदलते, आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीवर उभी असते. म्हणून जिथं बदलणारा हिशोब आहे तिथं जर्नल हवं. जिथं नुसती भर पडत जाते तिथं साधी फाइल-कॉपीही बऱ्याचदा भागवते. यंत्र विकत घेण्याआधी आपला डेटा कुठल्या जातीचा आहे, हे विचारायचं.

(१८:२०) तुमचे प्रश्न

“रेप्लिकेशन आहे, मग बॅकअप कशाला?” कारण कार्बन पेपर चूक-बरोबर बघत नाही. इथं कुणी चुकून टेबल उडवलं, किंवा रॅन्समवेअरनं फाइली कुलूपबंद केल्या, की तो बदलही इमानेइतबारे, अगदी क्रमानं, पलीकडं पोचतो. मागच्या तारखेला परत जायचं तर वेगळा बॅकअप हवाच.

“पेटीतली न गेलेली पानं मूळ इमारतीबरोबर गेली तर?” तर ती गेलीच. असिंक्रोनस पद्धतीची ही किंमत आहे, आणि कुणी “शून्य नुकसान” म्हणून ती विकत असेल तर विश्वास ठेवू नका. पण शेवटची चढलेली नोंद कुठली हे पक्कं कळतं. त्यापुढचे व्यवहार पट्ट्या, पावत्या, मोबाईलवरचे मेसेज आणि दुसऱ्या बँकेकडच्या नोंदींवरून शोधता येतात. म्हणून पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच दिवशी डिलीट करू नका, आणि पट्टीचा फोटो काढून ठेवा.

“मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतोय, यातलं काय शिकू?” महागडं स्टोरेज हाताशी नसलं तरी चालेल. दोन जुने संगणक घ्या, पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस टाका. त्याचा लॉग दुसऱ्या संगणकावर पाठवायची सोय फुकट आहे, आणि तत्त्व हेच. मग केबल काढा, दहा मिनिटांनी लावा, आणि कॉपी किती वेळात जागेवर येते ते घड्याळ लावून मोजा. मुलाखतीत या एका प्रयोगावर तुम्ही अर्धा तास बोलू शकाल.

आणि जे आत्ताच कुठल्या पतसंस्थेत, बाजार समितीत किंवा सरकारी कार्यालयात संगणकाचं काम बघतात, त्यांनी आपल्या पुरवठादाराला या आठवड्यात चार प्रश्न विचारा. आपली दूरची कॉपी आत्ता किती मिनिटं मागं आहे? लाईन किती तास गेली तर जर्नल भरेल? भरल्यावर आधी काय थांबेल, कॉपी की काउंटर? आणि शेवटचं: त्या कॉपीवरून खरोखर काम चालवून कधी बघितलं होतं, तारीख सांगा. पहिल्या तिन्हींची उत्तरं पाठ असतील आणि चौथ्याला तारीख नसेल, तर तुमच्याकडं कॉपी आहे असं अजून धरू नका.

पुढचा भाग बॅकअपवर. तोवर पट्टीचा फोटो काढायला विसरू नका!